पेशीअंगकं पाठ होत नाहीत? कोशाच्या धाग्यामागे चाल

आरमोरीजवळच्या एका गावातून अकरावीतल्या मुलीचा प्रश्न आला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीत आलं. पेशीच्या धड्यातलं अंगकांचं, म्हणजे पेशीच्या आत ठरावीक काम करणाऱ्या भागांचं, कोष्टक तिनं तीनदा लिहून काढलं, तरी चाचणीत आंतर्द्रव्यजालिकेचं काम गॉल्जीला लागलं आणि गॉल्जीचं लयकारिकेला. ‘ही नावं आणि कामं डोक्यात टिकवायची कशी?’ असं तिनं विचारलं आहे. शेवटी सहज लिहिलंय की घरी कोसा (टसर रेशमाचा किडा) पाळतात, अळ्या झाडावर असल्या की पाखरं-मुंग्या राखायला ऐनाच्या झाडांखाली बसावं लागतं, म्हणून अभ्यासाला वेळ कमी मिळतो.

बाळा, तुझ्या त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करू.

भंडारा जिल्ह्यात मी २६ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी पहिल्या चाचणीत हाच गोंधळ होतो, आणि तो हुशार मुलींचाही होतो. तुझी स्मरणशक्ती कमी पडलेली नाही. कोष्टकात डावीकडे नाव आणि उजवीकडे काम एवढंच असतं. एका रांगेचा दुसरीशी काही संबंध दिसत नाही, त्यामुळे वरची ओळ खाली सरकली तरी मनाला काही खटकत नाही. पेशीत मात्र ही कामं एकापाठोपाठ चालतात. एकाचं काम संपतं तिथून दुसऱ्याचं सुरू होतं. म्हणून मी वर्गात एक वस्तू हातात धरते आणि ती पेशीत कुठे तयार होते, कुठून जाते, बाहेर कशी पडते त्या वाटेनं पोरांना नेते. एरवी म्हशीचं दूध घेते. तुझ्यासाठी कोशाचा धागा घेऊ.

कोशाच्या अळीच्या पोटात, अन्ननलिकेच्या दोन्ही बाजूंना, एकेक लांब वेटोळी नळी असते. ती रेशीमग्रंथी. नळीची भिंत पेशींच्या एकाच थराची आणि मधली जागा पोकळ. भिंतीतल्या पेशी आपलं प्रथिन त्या पोकळीत ओततात. ते घट्ट, चिकट प्रथिन पुढे सरकतं आणि तोंडाजवळच्या छिद्रातून ओढलं जाऊन त्याचा धागा होतो. धाग्याचा गाभा फायब्रॉइन या प्रथिनाचा, वरचा डिंकासारखा लेप सेरिसिनचा. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळतात तेव्हा हे सेरिसिनच सैल होत असतं, म्हणून धागा सुटतो. पुढे मी जे बारकावे सांगते ते बहुतेक तुतीच्या रेशीमकिड्यावर झालेल्या अभ्यासातले आहेत. कोशाची अळी त्याची लांबची नातेवाईक, ग्रंथीची मूळ रचना तीच.

आता एका पेशीत शीर. सुरुवात केंद्रकापासून. फायब्रॉइन कसं बनवायचं ते डीएनएवर लिहिलेलं असतं, आणि डीएनए केंद्रकाबाहेर जात नाही. तलाठ्याकडचं मूळ दप्तर आपल्याला घरी नेता येत नाही, नक्कल मिळते. तसंच इथं फायब्रॉइनच्या जनुकाची आरएनए नक्कल निघते आणि केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांतून बाहेर येते. १९७२ साली योशिआकी सुझुकी आणि डोनाल्ड ब्राऊन यांनी ही नक्कल रेशीमग्रंथीतून वेगळी काढली. त्या काळी एका ठरावीक जनुकाचा आरएनए असा शुद्ध मिळवणं फार अवघड होतं. रेशीमग्रंथीत तो भरपूर असतो म्हणून त्यांना जमलं.

या पेशीचं केंद्रक पाहण्यासारखं असतं. अंड्यातून निघालेल्या तुतीच्या अळीचं वजन महिनाभरात सुमारे १०,००० पट वाढतं, पण फायब्रॉइन बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढत नाही. एका ग्रंथीत त्या सुमारे ५०० असतात आणि शेवटपर्यंत तेवढ्याच राहतात. पेशी विभागत नाही, फक्त तिच्यातल्या डीएनएच्या प्रती होत राहतात. शेवटी एकेका केंद्रकात मूळ संचाच्या दोन ते चार लाख पट डीएनए जमा होतो, आणि एवढा डीएनए मावावा म्हणून केंद्रक झाडाच्या मुळांसारखं फाटे फुटून पेशीभर पसरतं. पुस्तकात केंद्रक गोल काढलेलं असतं, ते सोयीसाठी. त्याचा आकार पेशीच्या कामावर ठरतो.

केंद्रकाला आवरण असल्यानं काय फरक पडतो, ते इथंच समजून घे. दृश्यकेंद्रकी (केंद्रकाला आवरण असलेली पेशी) आणि आदिकेंद्रकी (आवरण नसलेली) या दोन शब्दांचं सगळं मर्म त्यात आहे. जिवाणूत आवरण नसतं, म्हणून डीएनएवरून नक्कल पूर्ण निघायच्या आधीच रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारे बारीक कण, तिच्यावर बसतात आणि प्रथिन बनवायला लागतात. आपल्या, ऐनाच्या किंवा अळीच्या पेशीत तसं होत नाही. नक्कल आधी केंद्रकातच कापली जाते, नको ते तुकडे गळतात, उरलेले जोडले जातात, आणि मगच ती बाहेर पडते. काही जनुकांत कुठले तुकडे ठेवायचे ते बदलून एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं मिळतात. मधे एक भिंत आल्यामुळे तपासायला आणि बदलायला सवड मिळाली. केंद्रकात एक गडद ठिपका दिसतो ती केंद्रकी. रायबोसोमचे भाग तिथं तयार होतात. प्रथिनं जास्त बनवणाऱ्या पेशीत ती ठळक असते, हे सांगायला नकोच.

नक्कल बाहेर आली, आता रायबोसोम. इथं बहुतेक सगळे एक चूक करतात. त्यांना वाटतं, मोकळे रायबोसोम वेगळ्या जातीचे आणि जालिकेला चिकटलेले वेगळ्या जातीचे. दोन्ही एकच. सगळे रायबोसोम पेशीद्रव्यात मोकळेच काम सुरू करतात. बनत असलेल्या प्रथिनाचं पहिलं टोक बाहेर डोकावलं की त्यावर पत्ता दिसतो. काही थोड्या अमिनो आम्लांचा तो पत्ता ‘बाहेर पाठवायचं’ असा असेल, तर तो अख्खा रायबोसोम नेऊन आंतर्द्रव्यजालिकेला जोडला जातो आणि पुढचं प्रथिन सरळ जालिकेच्या आत विणलं जातं. पत्ता नसेल तर रायबोसोम मोकळाच राहतो आणि प्रथिन पेशीद्रव्यात वापरलं जातं. या पत्त्याच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. खडबडीत जालिका खडबडीत का, याचं उत्तर एवढंच: पत्ता असलेली प्रथिनं तिथं उतरत असतात. जिथं उतरत नाहीत तो भाग गुळगुळीत. तिथं मेदपदार्थ तयार होतात, आणि यकृताच्या पेशीत औषधं निकामी करण्याचं कामही त्याच भागात चालतं.

रायबोसोमबद्दल आणखी एक. त्याचे ६० एस आणि ४० एस हे दोन भाग मिळून ८० एस कसे, १०० का नाहीत, असं तू विचारशील. विचारायलाच हवं. एस हे वजन नाही, चक्रात फिरवल्यावर तो कण किती वेगानं तळाला बसतो त्याचं माप आहे. दोन भाग एकत्र आले की आकार बदलतो, म्हणून वेगांची सरळ बेरीज होत नाही.

जालिकेच्या आत प्रथिनाची घडी बसते. ही जागा फार महत्त्वाची, आणि कोष्टकात तिला अर्धी ओळ मिळते. फायब्रॉइनच्या लांब साखळीला एक छोटी साखळी इथंच जोडली जाते. तुतीच्या रेशीमकिड्यात काही जाती अशा आढळल्या की त्यांची अळी जवळजवळ धागाच काढत नाही, कोसा नुसता पातळ राहतो. शोध घेतल्यावर दिसलं की त्यांच्यात छोट्या साखळीत बिघाड आहे. मोठी साखळी बनते, पण जोडीदार नीट न मिळाल्यानं ती जालिकेतच अडकते, पुढे जाऊ दिली जात नाही. म्हणजे जालिका प्रथिन घेते, त्याची घडी घालते, तपासते, आणि नापास झालेलं अडवून ठेवते किंवा तोडायला परत पेशीद्रव्यात पाठवते. हे उदाहरण एकदा नीट मनात बसलं की जालिकेचं काम दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

पास झालेलं प्रथिन पटलाच्या (पातळ पडद्याच्या) लहान पिशव्यांत भरून गॉल्जीकडे जातं. कामिल्लो गॉल्जी यांनी हे पिंड १८९८ साली घुबडाच्या मेंदूतल्या चेतापेशींत चांदीच्या क्षारानं रंगवून पाहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं अनेक शास्त्रज्ञ म्हणत राहिले की असं काही नसतंच, तो रंगाचा डाग आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९५० नंतर, थाळ्या एकावर एक रचल्यासारखी ती रचना स्पष्ट दिसली. थाळ्यांच्या एका बाजूनं माल आत येतो आणि दुसऱ्या बाजूनं निघतो. मधे प्रथिनांना साखरेचे रेणू जोडले जातात, जोडलेल्यांतले काही छाटले जातात, आणि शेवटच्या थाळीजवळ वाटणी होते: हे पेशीबाहेर, हे पेशीच्या पटलावर, हे लयकारिकेत.

हा क्रम अंदाजानं मांडलेला नाही, मोजलेला आहे. जॉर्ज पॅलेड आणि जेम्स जेमिसन यांनी १९६७ साली गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप घेऊन त्यांना तीन मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि मग ठरावीक वेळानं ते कुठे पोचलं ते पाहिलं. तीन मिनिटांनी खडबडीत जालिकेत, साधारण वीस मिनिटांनी गॉल्जीत, दीड-दोन तासांनी बाहेर टाकायच्या भरलेल्या पिशव्यांत. पॅलेड यांना १९७४ चं नोबेल अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासह मिळालं. वर्गात मी हे तीन आकडे फळ्यावर लिहिते आणि विचारते, ‘दहाव्या मिनिटाला पेशी गोठवली तर प्रथिन कुठे सापडेल?’ हा प्रश्न सोडवलेल्या मुलीला क्रम पुन्हा पाठ करावा लागत नाही.

इथं म्हशीचं थोडं सांगू दे, कारण गॉल्जीचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण तिच्या कासेत आहे. दुधातली साखर, लॅक्टोज, कासेतल्या पेशींच्या गॉल्जीतच बनते. ती गॉल्जीच्या पटलातून बाहेर निसटू शकत नाही. आत साखर साचली की तिच्यामागे पाणी आत ओढलं जातं. दुधात एवढं पाणी येतं ते मुख्यतः या वाटेनं. पोरांना मी म्हणते, सकाळी धार काढताना चरवीत पडतं ते बहुतेक पाणी गॉल्जीतून आलेलं आहे. पेशीला जाता-येता पाणी आणायला एक बंद कप्पा लागला, आणि कप्पे असणं हीच तर दृश्यकेंद्रकी पेशीची ओळख.

परत धाग्याकडे. भरलेल्या पिशव्या पेशीच्या त्या कडेला जातात जी नळीच्या पोकळीकडे तोंड करून असते. त्या वाहत जात नाहीत, त्यांना ओढून नेलं जातं. पेशीत प्रथिनांच्या बारीक नळ्या आणि तंतू पसरलेले असतात, त्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. या नळ्यांवरून काही प्रथिनं अक्षरशः पाऊल टाकत चालतात आणि पिशवी पाठीवर वाहतात. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला याच नळ्या लागतात. कळलावीचं लालपिवळं फूल तू जंगलात पाहिलं असशील. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं, ते या नळ्या बनूच देत नाही. म्हणून तो कंद विषारी, आणि म्हणूनच वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसीन वापरतात. बियाण्याला चोळतात ते कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीत याच नळ्यांवर काम करतं. बुरशीची पेशी विभागू शकत नाही, आणि रोग थांबतो.

पिशवी कडेला पोचली की तिचं पटल पेशीच्या पटलात मिसळतं आणि आतला माल बाहेर सांडतो. फायब्रॉइन नळीत उतरलं. पुढचा प्रवास ऐनाच्या पानांमधल्या कोशापर्यंतचा.

या सगळ्याला लागणारी ताकद कुठून येते? तुझ्या वहीत ‘मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा निर्माण करतात’ असं लिहिलेलं असणार. ते खोडून टाक. ऊर्जा कुणी निर्माण करत नाही. अळीनं ऐनाचं पान खाल्लं, त्यात ऊर्जा होतीच. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रियाचंच मराठी नाव) ती एटीपीच्या, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणाऱ्या रेणूच्या, रूपात बदलून देते. ही रीत समजायला आपल्याकडचा तलाव पुरतो. भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव घे. पाळ घातली, पाणी एका बाजूला चढलं, पाळीतल्या दारातून ते खाली बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, सोडलं. तंतुकणिकेला दोन पटलं असतात. आतलं पटल म्हणजे पाळ. अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर प्रोटॉन या पाळीपलीकडे, दोन पटलांच्या मधल्या फटीत ढकलले जातात आणि तिथं चढून राहतात. परत यायला त्यांना एकच सोयीचं दार असतं, एटीपी सिन्थेज. त्यातून प्रोटॉन उतरताना त्या रेणूचा एक भाग खरोखर चाकासारखा फिरतो आणि फिरताना एटीपी बनतं. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. आतल्या पटलाला घड्या का, तेही यातून कळतं. पाळ जितकी लांब तितकी दारं जास्त.

पाळीला दुसरीकडूनच वाट फुटली तर? पाणी उतरेल, पण बांधीला मिळणार नाही. नवजात बाळाच्या पाठीवर, खांद्यांच्या मधे, एक तपकिरी मेद असतो. त्यातल्या तंतुकणिकांच्या आतल्या पटलात मुद्दाम अशी दुसरी वाट ठेवलेली असते. प्रोटॉन तिथून उतरतात, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते आणि बाळ गरम राहतं. आणि इलेक्ट्रॉनांची रांगच मधे अडवली तर? धानावर करपा आला की अॅझॉक्सिस्ट्रोबिनसारखं औषध फवारतात, ते बुरशीच्या तंतुकणिकेत नेमकं हेच करतं.

माणसाच्या शरीरात दिवसभरात जेवढं एटीपी बनतं आणि मोडतं त्याचं वजन त्या माणसाच्या वजनाच्या आसपास जातं. एका क्षणी शरीरात असलेलं एटीपी मात्र पाव किलोच्या आत असतं. त्यामुळे एटीपीला ‘साठवलेली ऊर्जा’ म्हणू नकोस. ते हातावरचं पोट आहे, सतत कमवावं लागतं.

तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए असतो, हे तू पाठ केलंच असशील. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, गोल. तिचे रायबोसोमही वेगळे, जिवाणूंच्या जवळचे. फार पूर्वी एका पेशीत शिरलेला जिवाणू तिथंच राहून गेला, त्याची ही खूण. हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली जोरानं पुढे आणला. हरितलवकाचंही तसंच. दोन्हींना दुपदरी पटल असण्याचा संबंधही इथंच आहे. हा डीएनए आईकडूनच येतो, आणि त्याचा परिणाम आपल्या धानाच्या बांधीतही आहे. संकरित धानाचं बी करायला असं वाण लागतं ज्याच्या फुलात परागकण वांझ आहेत. १९७० साली चीनच्या हायनान बेटावर जंगली धानाचं असं एक रोप सापडलं. त्याच्या वांझपणाचं कारण तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये होतं. म्हणून ते आईच्या रोपाकडून सगळ्या संततीत उतरतं, आणि त्या आधारावर जगातल्या संकरित धानाचा मोठा भाग उभा राहिला.

लयकारिका राहिली. आठवीच्या पुस्तकापासून मुलांच्या डोक्यात ‘आत्मघाती पिशवी’ हा शब्द बसलेला असतो. मला तो आवडत नाही, कारण त्यामुळे तिचं रोजचं काम झाकलं जातं. जुनी, झिजलेली अंगकं पटलात गुंडाळून लयकारिकेकडे आणायची, फोडायची आणि सुटलेला माल पुन्हा वापरायला द्यायचा, हे पेशीत सतत चालू असतं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल याच प्रक्रियेच्या अभ्यासासाठी मिळालं. लयकारिकेच्या आत पीएच पाचच्या आसपास ठेवलेला असतो, बाहेर पेशीद्रव्यात तो सातच्या थोडा वर. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. तिच्यातली विकरं (एन्झाइम) आम्लातच नीट चालतात. एखादी लयकारिका गळली तरी सांडलेली विकरं बाहेर मंदावतात, पेशी लगेच विरघळत नाही.

आणि आता तुझ्या अळीचं पुढचं. कोसा पूर्ण विणून झाला, आत अळीचा कोशस्थ जीव झाला, आता रेशीमग्रंथीचं काम उरलं नाही. तेव्हा शरीरातल्या संप्रेरकाचा इशारा येतो आणि दोन-चार लाख पट डीएनए बाळगणाऱ्या त्या अजस्र पेशी स्वतःला आतून मोडायला लागतात. जालिका, तंतुकणिका, सगळं गुंडाळून पचवलं जातं, आणि त्यातली सामग्री पतंग घडवायच्या कामी येऊ शकते. फुटलेल्या कोशातून पतंग बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगात ती ग्रंथी उरलेली नसते.

वनस्पतीपेशीचं जास्त लांबवत नाही. हरितलवक आहे म्हणून तंतुकणिका नाही असं समजू नकोस. ऐनाच्या पानात दोन्ही असतात, रात्री श्वसन कोण करणार? मोठी रिक्तिका पाण्यानं फुगलेली असते आणि पेशीभित्तिकेला आतून दाबते, रोप ताठ राहतं ते त्या दाबानं. रोवणीनंतर धानाचं रोप दोन दिवस मान टाकतं आणि मग उभं होतं, तेव्हा मुळं पुन्हा पाणी ओढू लागलेली असतात आणि रिक्तिका भरत असतात.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगते, कारण ती आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आहे. पुस्तकातल्या चित्रामुळे वाटतं की प्रत्येक पेशीत सगळी अंगकं असतात. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत पक्व झाल्यावर केंद्रक नसतं, तंतुकणिका नसतात, रायबोसोमही नसतात. हिमोग्लोबिन भरून झालं की ती हे सगळं टाकून देते. म्हणून तिला दुरुस्ती करता येत नाही, १२० दिवसांत ती संपते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ साली हा एका जागेचा फरक दाखवून दिला. चूक आहे ती अस्थिमज्जेतल्या, केंद्रक असलेल्या पेशीच्या डीएनएत. तिथून निघालेली तांबडी पेशी ते हिमोग्लोबिन बदलू शकत नाही, ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडतं. शाळेत तपासणीला लोक येतात आणि बोटातून थेंबभर रक्त घेतात तेव्हा याच प्रथिनाचा शोध असतो. तुझी तपासणी राहिली असेल तर करून घे. अभ्यासाशी याचा संबंध नाही, तरीही करून घे.

परीक्षेबद्दल थोडं. इंग्रजी नावं परकी वाटतात, पण तुझ्या आठवीच्या मराठी शब्दांतच त्यांचा अर्थ आहे. मायटोकॉन्ड्रिया हा ग्रीक शब्द, मिटोस म्हणजे तंतू, कॉन्ड्रिऑन म्हणजे कण. तंतुकणिका, अक्षरशः तेच. लायसोसोममधलं लायसिस म्हणजे विरघळवणं, आणि लयकारिकेतला लयही तोच. मराठी शब्द सोडू नकोस, वहीत दोन्ही शेजारी लिही. वस्तुनिष्ठ प्रश्नांत पटलांची संख्या हमखास विचारतात. केंद्रक, तंतुकणिका आणि लवक यांना दुपदरी, जालिका, गॉल्जी, लयकारिका आणि रिक्तिका यांना एकपदरी, रायबोसोम आणि तारककेंद्राला पटलच नाही. आणि धाग्याच्या वाटेवर आलेली जालिका आणि गॉल्जी, त्यांच्या जोडीला लयकारिका आणि रिक्तिका, मिळून एक व्यवस्था धरतात. तंतुकणिका आणि हरितलवक त्यात येत नाहीत, कारण त्यांच्याकडे जालिकेतून निघालेल्या पिशव्या जात नाहीत. आठवड्यातून एकदा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर रेशीमग्रंथीची पेशी काढ, बाण दाखव, पॅलेड यांची मिनिटं लिही. जिथं हात थांबेल तेवढाच भाग उघडून वाच. झाडाखाली राखण करतानाही हे होतं, कागद आणि पेन्सिल पुरते.

प्रात्यक्षिकाला कांद्याचा पापुद्रा दाखवतील, आयोडिन टाकून. त्यात केंद्रक दिसतं, पण पेशी मेलेली असते, काही हलत नाही. तू गावच्या तलावातून हायड्रिलाची एक काडी बाटलीत पाणी घालून कॉलेजात ने. पाण्याखाली वाढणारं, बारीक पानांच्या वलयांचं ते गवत. मासे धरायच्या जाळ्यात नेहमी अडकतं. शेंड्याजवळचं कोवळं पान अख्खंच काचेवर ठेव, त्याच तलावाच्या पाण्याचा थेंब टाक, रंग अजिबात नको. दहा मिनिटं उजेडात ठेव. मग चाळीसच्या भिंगाखाली मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी शोध. थोडा धीर धरलास की हिरवे ठिपके पेशीच्या कडेनं एका मागे एक फिरताना दिसतील. १७७४ साली बोनाव्हेंतुरा कॉर्ती यांनी पाणवनस्पतीत हीच हालचाल पाहिली होती. आतल्या तंतूंवरून प्रथिनं चालतात आणि त्यांच्याबरोबर पेशीद्रव्य वाहतं, तेच हे.

एक हरितलवक निवड आणि पेशीची एक फेरी किती सेकंदांत पूर्ण करतं ते मोबाइलवर मोज. तीनदा मोजून सरासरी काढ. मग काचेच्या कडेनं बर्फाच्या पाण्याचा थेंब सोड, दोन मिनिटं थांब आणि पुन्हा मोज. दोन्ही आकडे मला कळव.